सहकारी संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र: बिल्ड होणारा सोर्स कोड द्या

प्रति,
राज्यातल्या दूध संस्थांना आणि पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांचे संचालक,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका कंपनीने नुकतंच आपल्या ग्राहक संस्थांना एकपानी पत्र पाठवलं. जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅमची सेवा 31 मार्चनंतर बंद होईल, आणि 'करारानुसार सोर्स कोड यापूर्वीच सुपूर्द केलेला असल्याने' पुढची देखभाल संस्थेने स्वतः बघावी, असा त्याचा मजकूर. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण तक्रार एकट्या तिच्याबद्दल नाही. तिने सुपूर्द केलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, ज्यावरून चालणारा प्रोग्रॅम तयार (बिल्ड) केला जातो, मी उघडून पाहिला आहे, आणि इतर कंपन्यांनी इतर संस्थांना दिलेलेही पाहिले आहेत. थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच अवस्था आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघडपणे, म्हणजे संस्थांचे सचिव आणि सभासदही ते वाचतील.

मी सांगली जिल्ह्यात राहते आणि सहकारी संस्थांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करते. कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला की सचिव मला बोलावतात. आमच्या घरचं दूधही अशाच एका संस्थेत जातं. दर दहा दिवसांनी आईच्या खात्यावर जे बिल जमा होतं, ते अशाच एका कंपनीने लिहिलेला प्रोग्रॅम काढतो. त्या प्रोग्रॅममधली आकडेमोड कुणालाच दुरुस्त करता येत नसेल, तर तो प्रश्न माझ्या धंद्याचा आहे तसाच आमच्या गोठ्याचाही आहे.

झालं ते असं. संघाने गाईच्या दुधाचं दरपत्रक बदललं. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांच्या खाली जाणाऱ्या दुधाला प्रत्येक पॉइंटमागे होणारी कपात वाढली. एरवी हा पाच मिनिटांचा बदल: मास्टरमध्ये (दरांच्या तक्त्यात) जायचं, नवे आकडे भरायचे, तारीख टाकायची. पण या प्रोग्रॅममध्ये मूळ दर तेवढा मास्टरमध्ये आहे, कपातीचं सूत्र थेट कोडमध्ये लिहिलेलं आहे. कोड बदलल्याशिवाय कपात बदलत नाही. सचिवांनी कपाट उघडून एक पेन ड्राइव्ह काढला. पाकिटावर 'सोर्स कोड' असं लिहून खाली कंपनीचा शिक्का मारलेला. करारात सोर्स कोडसाठी वेगळी रक्कम आहे, ती संस्थेने कधीच चुकती केलेली आहे, पावती फाइलला आहे.

त्या ड्राइव्हवर एक झिप होती. प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक 6 या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला. प्रोजेक्टची फाइल उघडली तर पहिल्याच फॉर्मला (पडद्यावरच्या खिडकीला) दोष आला, कारण एफआरएम फाइली होत्या पण त्यांच्या जोडीच्या एफआरएक्स फाइली नव्हत्या. फॉर्मवरची चित्रं आणि याद्या याच फाइलींत असतात. पुढे पडद्यावर तक्ता (ग्रिड) दाखवणारा एक विकतचा ओसीएक्स घटक मागितला गेला. तो संस्थेच्या संगणकावर चालतो, कारण इन्स्टॉलरने तो चालवण्यापुरता बसवलेला आहे. बिल्ड करायला मात्र त्याचं डिझाइनचं लायसन्स लागतं, आणि ते कंपनीकडे. मराठी पावती छापणारा जो भाग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अक्षरं जुळवतो, त्याची फक्त डीएलएल, म्हणजे आधीच बिल्ड केलेली फाइल, होती. तिचा सोर्स कुठेच नव्हता. आणि एवढं सगळं बाजूला ठेवून मी कपातीचं सूत्र शोधलं, तर ते चालू प्रोग्रॅममधल्या सूत्राशी जुळेना. झिपमधला कोड आधीच्या कुठल्या तरी आवृत्तीचा निघाला.

शेवटी सचिव आणि क्लार्क यांनी नव्या दराची बिलं एक्सेलमध्ये काढली. संकलनाच्या नोंदी एका प्रोग्रॅममधून हाताने दुसरीकडे उतरवायच्या म्हटल्यावर जे होतं तेच झालं. फॅटचे आकडे इकडचे तिकडे झाले, दोन उत्पादकांच्या नोंदींची अदलाबदल झाली, आणि संस्थेच्या दारात भांडणं झाली. ज्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला त्यांच्यापैकी कुणी तिथे नव्हतं. शिव्या क्लार्कने खाल्ल्या.

तुम्ही म्हणाल, एखाद्या झिपमध्ये चुकून चार फाइली राहिल्या असतील. मान्य केलं असतं. पण मी पाहिलेल्या पॅकेजांमध्ये तेच ते दोष पुन्हा पुन्हा सापडतात, म्हणून ते एकेक करून लिहिते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की दिलेला सोर्स आणि चालू असलेला प्रोग्रॅम एकमेकांचे नसतात. तुमचा माणूस संस्थेत येतो, किंवा दुरून संगणकाचा ताबा घेतो, आणि नवी ईएक्सई (चालणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल) टाकून जातो. वेबवरची प्रणाली असेल तर सरळ सर्व्हरवरच फाइल बदलतो. त्या बदलाचा सोर्स संस्थेला कुणी देत नाही. कधी कधी तो तुमच्या कार्यालयातही नसतो, बदल करणाऱ्याच्या लॅपटॉपवर राहतो आणि त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबर जातो. कराराच्या दिवशी एकदा दिलेली झिप पहिल्या अपडेटबरोबरच शिळी होते.

दुसरी तक्रार बिल्डची. कोड कुठल्या कंपायलरच्या (सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) कुठल्या आवृत्तीने, कुठल्या क्रमाने, कुठल्या सेटिंगने बिल्ड करायचा, हे कुठेही लिहिलेलं नसतं. डेटाबेसचे तक्ते तयार करणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फाइली, नसतात. इन्स्टॉलर बनवणारी स्क्रिप्ट तर मी आजवर एकाही पॅकेजमध्ये पाहिलेली नाही. ग्नू जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी आवृत्ती 1991 सालची. संपूर्ण सोर्स म्हणजे काय, हे तिने तेव्हाच स्पष्ट केलं आहे: सगळ्या मॉड्यूलचा सोर्स, त्याच्या इंटरफेसच्या फाइली, आणि कंपाइल व इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टसुद्धा. तुमचा प्रोग्रॅम त्या परवान्याखाली नसेल, पण तेवढी व्याख्या तुम्ही उचलायला हरकत नाही. तिच्यात उणं काही नाही आणि जास्तीचंही काही नाही.

तिसरी तक्रार दुसऱ्यांच्या घटकांची. आजचा कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेकडो तुकड्यांवर उभा असतो. यात गैर काही नाही. पण ते तुकडे कोणते, कुठल्या आवृत्तीचे, याची यादी कुणी देत नाही, आणि बिल्डच्या वेळी ते इंटरनेटवरून येतील असं धरून चालतात. मार्च 2016 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट घटकांच्या इंटरनेटवरच्या कोठारातून लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा एक घटक त्याच्या लेखकाने काढून घेतला, आणि जगभरच्या प्रकल्पांचे बिल्ड त्या दिवशी थांबले. दहा वर्षांनी एखादी संस्था तुमचा कोड बिल्ड करायला बसेल तेव्हा असे किती घटक जागेवर असतील? याच यादीची गरज डिसेंबर 2021 मध्ये दुसऱ्या कारणाने पडली. लॉगफोरजे या जावातल्या घटकात सुरक्षेचं भयंकर छिद्र सापडलं. तो घटक इतर जार फाइलींच्या (जावाच्या गठ्ठ्यांच्या) पोटात दडलेला असतो, वरून दिसत नाही. मला तेव्हा संस्थांचे फोन आले: आपल्या प्रणालीत हे आहे का? मी कंपन्यांना विचारलं, तर त्यांनाही सांगता येईना. 2024 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने घटकयादीबद्दल, म्हणजे एसबॉमबद्दल, तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. एसपीडीएक्स हा त्या यादीचा नमुना तर 2021 पासून आयएसओचं मानक आहे. साचा तयार आहे, तुम्ही फक्त भरून द्यायचा.

चौथी तक्रार लिहिताना मला राग आवरावा लागतो. एका पॅकेजच्या सेटिंगच्या (कॉन्फिग) फाइलमध्ये मला दुसऱ्याच दोन पतसंस्थांच्या डेटाबेसचे पत्ते आणि पासवर्ड सापडले. ते चालू होते की नाही हे मी तपासलं नाही, तपासणं माझ्या अधिकारात बसत नाही. त्या संस्थांना कळवलं आणि फाइल बंद केली. हजारो ठेवीदारांच्या खात्यांची किल्ली तिसऱ्याच गावातल्या कपाटात, एका पेन ड्राइव्हवर पडून होती. दुसऱ्या एका ठिकाणी सोर्सची झिप वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली आढळली, पत्ता माहीत असलेल्या कुणालाही उतरवून घेता येईल अशी. सोर्स प्रोग्रॅमबरोबर द्यायचा, पण तो चालत्या वेबसाइटच्या आत ठेवायचा नसतो, आणि पासवर्ड त्यात मुळीच असता कामा नयेत. हे शिकाऊ मुलालाही सांगितलं जातं.

पाचवी थोडक्यात. पीएचपी या भाषेतली वेबवरची प्रणाली असेल तर 'सोर्स तुमच्या सर्व्हरवरच आहे' असं सांगितलं जातं. उघडून पाहावं तर फाइली वाचता येऊ नयेत अशा एन्कोड केलेल्या, आणि ब्राउझरकडे जाणारी जावास्क्रिप्ट दाबून एका ओळीत केलेली. ज्या रूपात तुमचा स्वतःचा प्रोग्रॅमर बदल करतो ते रूप म्हणजे सोर्स. यंत्राला खाऊ घालायला केलेलं रूप सोर्स होत नाही.

आणि सहावी तुमच्या त्या छोट्या पेट्यांबद्दल, ज्या वजनकाट्याला आणि दूध तपासणाऱ्या यंत्राला जोडून संकलन केंद्रावर बसवता. मी उघडलेल्या पेट्यांच्या आत लिनक्स आहे, बिझीबॉक्स (छोट्या यंत्रांसाठीचा मूलभूत आज्ञांचा संच) आहे. दोन्ही जीपीएलखाली येतात. पेटी विकताना त्यांचा सोर्स बरोबर द्यावा लागतो, किंवा निदान तीन वर्षं मागेल त्याला देऊ असं लेखी द्यावं लागतं. एकाही पेटीबरोबर मला असा कागद मिळालेला नाही. इथे मी तुमची कृपा मागत नाही. परवान्याची ही अट तुम्ही ते सॉफ्टवेअर फुकट घेतलंत तेव्हाच मान्य केली आहे. ती पाळल्याने काय होतं तेही सांगते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरचा सोर्स 2003 मध्ये असाच खुला करावा लागला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली उभी राहिली, आणि कंपनीने सोडून दिलेले राउटर लोक पुढे कितीतरी वर्षं सुरक्षितपणे वापरत राहिले.

हे नीट कसं करायचं याचे नमुने तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. तुमच्यापैकी अनेकांचे सर्व्हर डेबियन किंवा उबंटू या मुक्त लिनक्स प्रणालींवर चालतात. तिथे कुठल्याही पॅकेजचा सोर्स एका आज्ञेने उतरतो, आणि तो तुम्ही बसवलेल्या आवृत्तीचाच मागवता येतो. त्यात मूळ लेखकाचा कोड हात न लावता एका संग्रहात असतो. डेबियनने केलेले बदल आणि बिल्डच्या कृती दुसऱ्या संग्रहात. आणि तिसरी एक छोटी डीएससी फाइल, जिच्यात या दोन्हींचे चेकसम (फाइल बदलली की नाही हे दाखवणारे आकडे) आणि देखभाल करणाऱ्याची डिजिटल सही. बिल्डला काय काय लागतं ते कंट्रोल फाइलमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष बिल्ड झाला तेव्हा कुठल्या साधनांच्या नेमक्या कुठल्या आवृत्त्या होत्या, त्याची नोंद बिल्डइन्फो फाइलमध्ये. कोण लिहितं हे? बरेचसे स्वयंसेवक. पैसे घेऊन काम करणाऱ्या कंपन्यांकडून मी याहून कमी का अपेक्षावं?

त्याच मंडळींनी 2013 च्या सुमारास आणखी एक काम हाती घेतलं: कुणीही, कुठेही त्याच सोर्सवरून बिल्ड केला तर बाइट न बाइट तोच प्रोग्रॅम निघाला पाहिजे. त्यासाठी फाइलीत शिरणारी बिल्डची तारीख-वेळ आधीच पक्की करून ठेवतात, फाइलींचा क्रम ठरवून देतात, अशा बारीकसारीक गोष्टी. हा हट्ट का, याचं उत्तर मार्च 2024 मध्ये मिळालं. एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातलेला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला सापडला. तो दरवाजा चालू करणारा बिल्डचा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नव्हताच, फक्त वाटल्या जाणाऱ्या संग्रहात होता. म्हणजे 'हा घ्या सोर्स' म्हणून हातात दिलेली वस्तू आणि खरा सोर्स यांत फरक असू शकतो, आणि तो फरक जुळवून पाहिल्याखेरीज दिसत नाही.

व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये बाइट न बाइट जुळवणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. तिथे मी दुसरी कसोटी मागते. एका महिन्याचं संकलन जुन्या प्रोग्रॅममधून आणि सोर्सवरून नव्याने केलेल्या प्रोग्रॅममधून काढा, आणि प्रत्येक उत्पादकाचं बिल पैशापर्यंत जुळवून दाखवा.

आता कायद्याचं. बऱ्याच संचालक मंडळांचा समज असा की पैसे मोजले म्हणजे प्रोग्रॅम संस्थेचा झाला. तसं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क लेखी हस्तांतर होईपर्यंत कंपनीकडेच राहतो. हस्तांतर झालं आणि मुदत लिहायची राहिली, तर कलम 19 प्रमाणे ते पाच वर्षांपुरतंच धरलं जातं. तुम्हाला हे ठाऊक असतं, गावच्या संस्थेला नसतं. पण त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला एक मोकळीक आहे: ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला, त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्यात फेरफार करण्याची. दरपत्रक बदललं म्हणून कपातीचं सूत्र बदलणं हे नेमकं त्यातलंच काम. सोर्सशिवाय ही मोकळीक कागदावर राहते.

बँकांना हे सुख मिळालेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 7 नोव्हेंबर 2023 च्या निर्देशानुसार, जो 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला, तो लागू असलेल्या बँकांनी महत्त्वाच्या प्रणालींचा सोर्स विक्रेत्याकडून घ्यायचा आहे. ते शक्य नसेल तिथे तो त्रयस्थाकडे एस्क्रोमध्ये ठेवून घ्यायचा किंवा जोखीम भरून काढणारी दुसरी सोय करायची, आणि एस्क्रो असेल तर पुढचे अपडेटही त्यात आले पाहिजेत. पतसंस्था आणि दूध संस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या सहकार कायद्याखाली चालतात. त्यांच्या बाजूने असा नियम कुणी लिहिलेला नाही. म्हणून तुमच्याकडेच मागावं लागतं.

सोर्स दिला तर शेजारची कंपनी तो चोरेल, ही तुमची भीती मी समजू शकते. मी तुम्हाला प्रोग्रॅम जगासाठी खुला करायला सांगत नाही. कोड संस्थेकडे राहील, फक्त स्वतःच्या देखभालीसाठी वापरला जाईल, दुसऱ्याला विकला जाणार नाही, असं करारात घाला. संस्था सही करतील. नकोच असेल तर एस्क्रो आहे. पण अर्धवट झिप देऊन 'सुपूर्द केला' असं लिहून घेणं, आणि सेवा बंद करताना तेच लिखाण संस्थेच्या तोंडावर ठेवणं, हे व्यवहाराला धरून नाही.

माझ्या मागण्या अशा:

1. प्रत्येक आवृत्तीबरोबर, प्रत्येक लहानसहान दुरुस्तीबरोबरसुद्धा, त्याच आवृत्तीचा सोर्स संस्थेला द्या. प्रोग्रॅमच्या 'माहिती' खिडकीत आवृत्तीचा क्रमांक आणि सोर्स संग्रहाचा चेकसम दिसला पाहिजे.

2. संग्रहात बिल्डच्या आणि इन्स्टॉलरच्या स्क्रिप्ट, डेटाबेसचे तक्ते आणि मूळ मास्टर, फॉन्ट आणि छपाईचे घटक, दुसऱ्यांच्या घटकांच्या प्रती (परवाना देत असेल तिथे) आणि सगळ्यांची आवृत्तीसह यादी असू द्या. विकतचा घटक असेल तर तो कुठून, कुठल्या लायसन्सने घ्यायचा ते लिहा.

3. सुपूर्द करण्याची व्याख्या बदला. संस्थेच्या माणसासमोर कोऱ्या मशिनवर, इंटरनेट बंद ठेवून, फक्त संग्रहातल्या वस्तूंवरून बिल्ड करून दाखवा. तो चालला की पावतीवर सही.

4. पासवर्ड, किल्ल्या आणि दुसऱ्या ग्राहकांची माहिती संग्रहात जाणार नाही याची तपासणी करा आणि तसं लेखी द्या. आजवर दिलेले संग्रहही या दृष्टीने तपासा आणि जिथे पासवर्ड गेले असतील तिथले ते लगेच बदला.

5. जीपीएलखालच्या घटकांचा सोर्स, विशेषतः संकलन केंद्रावरच्या पेट्यांचा, आजच द्या.

6. वरचं सगळं पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटेपर्यंत कुठल्याही जुन्या प्रोग्रॅमची सेवा बंद करू नका. 31 मार्चची तारीख मागे घ्या.

सचिवांना आणि संचालक मंडळांना एक विनंती. एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) पुढचं बिल मंजूर करण्याआधी कपाटातला पेन ड्राइव्ह बाहेर काढा आणि तिसरी मागणी कंपनीकडून पुरी करून घ्या. 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. सोर्स कोडची स्थिती हा त्या सभेपुढचा एक विषय ठेवा, म्हणजे इतिवृत्तात नोंद राहील. सहकार खात्यानेही सॉफ्टवेअर खरेदीच्या नमुना करारात ही कलमं घालावीत, असं निवेदन मी वेगळं देत आहे.

कंपन्यांना शेवटचं. तुमचा कोड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातला बराचसा वर्षानुवर्षं रोज पहाटे आणि संध्याकाळी, वीज जात-येत असताना, चोख चाललेला आहे. तो लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच तो नुसता वारसाअभावी फेकून द्यावा लागू नये असं वाटतं. ज्या कंपनीला आपलं पॅकेज पूर्ण आहे असं वाटतं, तिने ते संबंधित संस्थेच्या संमतीने घेऊन यावं. कोरं मशीन मी देते. तुमचा प्रोग्रॅमर, संस्थेचा क्लार्क आणि मी असे तिघं बसून बिल्ड करू, आणि जो निकाल येईल तो, पॅकेज पूर्ण निघालं तर तुमच्या नावासकट, संस्थांना कळवू.

कळावे,
सहकारी संस्थांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करणारी एक प्रोग्रॅमर,
जि. सांगली